छोट्या पोरांना प्रदूषण कसं शिकवायचं: सोलापुरातल्या नव्या ताई, सर आणि आईबाबांसाठी

बालवाडीत नवीन लागलेल्या ताई, पहिली-दुसरीचा वर्ग पहिल्यांदाच हातात आलेले सर, नाहीतर घरात चार-पाच वर्षांचं पोर दिवसभर 'का, का' करून डोकं खातंय असे आईबाबा, हे तुमच्यासाठी लिहितेय. तिसरीपासून परिसर अभ्यासाचं पुस्तक येतं पण त्याच्या आधीच्या वयात काय करायचं हे कुणी नीट सांगत नाही, मग ५ जून आला की सगळेच घाईघाईत एक कार्यक्रम उरकतात, पोस्टर रंगवायचं, घोषणा द्यायच्या, एक रोप लावून फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा की झालं. जागतिक पर्यावरण दिन १९७३ पासून पाळतात, तो पाळू नका असं माझं म्हणणं नाही, पण पाच वर्षांच्या पोराला त्यातनं फारसं काही मिळत नाही एवढं नक्की.

आणि ती रडणारी पृथ्वी, ते चित्र तर मला अजिबात पटत नाही. छोट्या पोराला त्यातनं एवढंच कळतं की कुणीतरी रडतंय आणि बहुतेक आपल्यामुळेच रडतंय. ओझोन, हिमनग, जागतिक तापमानवाढ हे सगळं दहा-अकरा वर्षांनंतर येऊ द्या की. त्याच्या आधी एकच नियम ठेवायचा: पोराने जे बघितलंय, हाताने धरलंय, ज्याचा वास घेतलाय तेवढंच सांगायचं आणि लगेच त्याच्या हातात एक खरं काम द्यायचं. खरं म्हणजे खरं, शोभेचं नाही, ते नाही केलं तर घरात किंवा वर्गात कुणाचं तरी अडलं पाहिजे.

सुरुवात गल्लीपासून

पहिल्या आठवड्यात काहीच शिकवू नका. पोरांना घेऊन सकाळी शाळेभोवती नाहीतर आपल्या गल्लीत एक चक्कर मारा, पंधरा-वीस मिनिटं पुरे. बोर्ड, पुस्तक काही नको. फक्त विचारायचं, कसला वास येतोय, कसला आवाज येतोय, पायाला काय लागतंय. साळ्याच्या वस्तीत फिरलात तर यंत्रमागाचा खडखडाट ऐकू येईल, मार्केट यार्डाकडे कांद्याचा वास येईल, कोपऱ्यावर कुणीतरी पालापाचोळा पेटवलेला असेल आणि त्यात चार कॅरीबॅग पण जळत असतील. पोरं जे सांगतील ते ऐकून घ्यायचं. 'हे चांगलं, ते वाईट' असं त्या आठवड्यात बोलायचंच नाही. आपल्याला तोंड गप्प ठेवणं लई अवघड जातं, पण ठेवा.

आपल्या वर्गात अर्धी पोरं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही उर्दू. लांबलचक मराठी सूचना त्यांच्या डोक्यावरनं जातात. म्हणून वस्तू हातात द्यायची आणि पोराला सुचेल त्या भाषेत बोलू द्यायचं, शेजारचं पोर आपोआप सांगतं तुम्हाला तो काय म्हणतोय ते.

मग धूळ

आपल्या गावात हवेचं प्रदूषण शिकवायला वेगळं साहित्य लागत नाही, खिडकीवरनं बोट फिरवा. केंद्र सरकारने २०१९ मध्ये स्वच्छ हवेचा जो राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला त्यातल्या शहरांच्या यादीत सोलापूर आहे. पोरांना हे सांगायची गरज नाही, तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं.

प्रयोग असा. जुन्या लग्नपत्रिकेचा पांढरा भाग कापून हातभर नाही, पोस्टकार्डाएवढे तुकडे करा. एका बाजूला व्हॅसलीनचा पातळ थर पोरांच्याच बोटाने लावून घ्या, खोबरेल तेल नको, ते उन्हात वितळून कागदात मुरतं. एक तुकडा रस्त्याकडच्या खिडकीला, एक आतल्या खोलीत, एक झाडाच्या फांदीला दोऱ्याने बांधा. दोन-तीन दिवसांनी तिन्ही शेजारी शेजारी ठेवा आणि भिंग द्या. एवढंच. रस्त्याकडचं कार्ड काळं-मातकट झालेलं बघून पोरं स्वतःच म्हणतात की हे आपल्या नाकात पण जातं का ओ? तिथं उत्तर द्यायचं, हो जातं, मोठी धूळ नाकातल्या केसांना अडकते, शेंबडातनं बाहेर पडते, पण त्याहून बारीक धूर आत फुप्फुसापर्यंत जातो. किती बारीक हे दाखवायचं असेल तर डोक्याचा एक केस हातात द्या आणि सांगा की याच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे कण असतात, म्हणून ते कार्डावर सुटे दिसत नाहीत, नुसता काळपट रंग दिसतो.

हा प्रयोग पावसाळ्यात करू नका, कार्ड भिजतं आणि पाऊस हवेतली धूळ खाली बसवतो. थंडी संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्यात भारी होतो.

यातनं काम काय द्यायचं? वर्ग झाडायच्या आधी पाण्याचा हलका शिडकावा मारणं, फरशी ओल्या फडक्याने पुसणं, आणि शाळेसमोर थांबलेल्या रिक्षावाल्या काकांना 'काका, गाडी बंद करा की' असं हसून सांगणं. शेवटचं काम पोरांना सगळ्यात आवडतं, आणि मोठ्या माणसाने सांगून जे ऐकत नाहीत ते काका पहिलीतल्या पोरीने सांगितल्यावर चावी फिरवतात.

पाणी, इथे जास्त वेळ द्या

सोलापूरच्या पोराला पाण्याची किंमत शिकवायची गरज नाही असं मला आधीपासून वाटतं. नळाला पाणी यायची पाळी काय असते, ड्रम भरून ठेवणं काय असतं, पाणी आल्यावर आई झोपेतनं कशी उठते हे त्याने जन्मल्यापासून बघितलंय. त्याला माहीत नसतं ते एवढंच की हे पाणी येतं कुठनं आणि वापरून झाल्यावर जातं कुठं. आणि इथेच प्रदूषण शिकवायची सगळ्यात चांगली जागा आहे.

आधी तुमचं तुम्ही समजून घ्या. आपलं बरंचसं पाणी उजनीतनं येतं, शंभरेक किलोमीटर पाइपमधनं. उजनी भीमा नदीवर आहे. भीमा उगम पावते भीमाशंकरला, पण उजनीत येईपर्यंत तिला मुळा-मुठेचं पाणी येऊन मिळालेलं असतं, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही शहरांतलं सांडपाणी त्यात आलं. धरणावर जलपर्णी पसरते, पाणी हिरवं दिसतं, त्याचं एक मोठं कारण हेच, सांडपाण्यातनं आणि शेतातल्या खतातनं आलेलं नत्र-स्फुरद त्या झाडांना खत म्हणून मिळतं. आता पुढचा भाग. आपल्या शहरातले नाले सीनेकडे जातात, सीना हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते आणि भीमा पुढे कर्नाटकात जाते. म्हणजे आपल्या वर कुणीतरी आहे आणि आपल्या खाली पण कुणीतरी आहे.

हे पोरांना असं दाखवा. सात-आठ पोरं एका ओळीत बसवा, प्रत्येकाला एका गावाचं नाव द्या, पहिला भीमाशंकर, मग पुणे, दौंड, उजनी, सोलापूर, शेवटी कर्नाटकातलं एक गाव. शक्यतो बाहेर पायरीवर बसवा म्हणजे वरनं खाली असा उतार पण दिसतो. पहिल्याच्या हातात स्वच्छ पाण्याचं पारदर्शक भांडं किंवा कापलेली बाटली. तो त्यात बोट बुडवून म्हणतो, गार आहे. पुढच्याने चमचाभर साबणाचं पाणी घालायचं, त्याच्या पुढच्याने चिमूटभर माती, मग चहाचा चोथा, मग नीळेचे दोन थेंब, मग कागदाचा बोळा. प्रत्येकाने थोडंसंच घालायचं, मुद्दाम थोडंसं. शेवटच्या पोराच्या हातात भांडं पोचलं की त्याला विचारा, यात तोंड धुशील का? तो नाही म्हणतोच. मग मागच्या प्रत्येकाला विचारा, तू किती घाण टाकलीस? सगळे म्हणतात, थोडीच. आणि मग वर्गात भांडण सुरू होतं, तुझ्यामुळं झालं, नाही तुझ्यामुळं. होऊ द्या, दोन मिनिटं थांबवू नका. मग सगळ्यांना जागा बदलायला लावा, पहिला शेवटी, शेवटचा पहिला, आणि परत एकदा करा. दुसऱ्या फेरीत पोरं आपणहून हात आखडता घेतात, एखादा तर म्हणतो मी काहीच टाकणार नाही. (हे पाणी कुणी पिणार नाही याकडे मात्र डोळ्यात तेल घालून बघा, चार वर्षांचं पोर काय तोंडाला लावेल नेम नाही.)

दुसऱ्या दिवशी तेच पाणी गाळून बघायचं. बाटलीचा वरचा भाग उलटा धरून तोंडाला सुती फडकं बांधायचं, त्यावर बारीक वाळू, त्यावर खडी. माती आणि चोथा वर अडकतो, पाणी बऱ्यापैकी नितळ येतं, पोरं टाळ्या वाजवतात. पण निळा रंग तसाच राहतो आणि हलवलं की साबणाचा फेस पण येतो. इथे थांबून सांगायचं की नितळ दिसलं म्हणजे स्वच्छ झालं असं नाही, काही घाण पाण्यात विरघळते, ती काढायला मोठं यंत्र लागतं, पैसे लागतात, म्हणून ती टाकायचीच नाही हे सगळ्यात सोपं.

काम काय द्यायचं: पोराने ब्रश करताना तांब्या घ्यायचा, नळ चालू ठेवायचा नाही, आणि खरंच फरक पडतो का ते स्वतः मोजायचं. एकदा नळ चालू ठेवून खाली बादली लावा, एकदा तांब्याने करा. सहा-सात वर्षांचं पोर दोन्ही पाणी मगाने मोजून भिंतीवर रेघा मारू शकतं. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला घालायची ड्यूटी पण त्यालाच द्या, आणि एकदा दिली की मधेच घाईत स्वतः ओतून टाकू नका, पोरं चिडतात आणि त्यांचं बरोबर असतं.

कचरा: कुंडीत पुरून बघा

ओला-सुका हे पोरांना घंटागाडीच्या गाण्यामुळे पाठ असतं. पाठ असणं वेगळं. का वेगळं करायचं हे कळायला एक जुनी मोठी कुंडी किंवा रंगाचा रिकामा डबा घ्या, खाली भोकं पाडा, माती भरा. त्यात चार कोपऱ्यांत चार गोष्टी पुरा: केळीची साल, वहीचा कागद, कुरकुऱ्याचं पाकीट, आणि सुती चिंधी. आपल्याकडे चिंध्यांना काय तोटा, टॉवेल-चादरीचे तुकडे कुणाच्या ना कुणाच्या घरी असतातच. जमलं तर पाचवी गोष्ट म्हणून पॉलिस्टरचा तुकडा पण पुरा. प्रत्येक जागी आइस्क्रीमची लाकडी काडी खोचून ठेवा. माती ओलसर राहिली पाहिजे, रोज थोडं पाणी.

महिन्याने उकरा. हातात मोजे घालायचे किंवा नंतर साबणाने नीट हात धुवायचे. केळीची साल जवळपास गायब झालेली असते, एखादा काळा धागा मिळतो. कागद ओढला की तुटतो. सुती चिंधी बारीक, जाळीदार झालेली, कधी तिला बुरशी. पाकीट मात्र धुतलं की परत चकचकीत, त्यावरचा भाव पण वाचता येतो. पोरं ते पाकीट हातात घेऊन फिरवत बसतात. तिथे तुम्ही फार बोलू नका. परत पुरा, आणि दिवाळीनंतर पुन्हा उकरा.

याला जोडून दुकानात घेऊन जा. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर फुग्याची प्लास्टिकची काडी, कँडीची प्लास्टिक काडी, स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे, ताटल्या, ग्लास बंद केलेत. या सगळ्या पोरांच्याच वाढदिवसाच्या वस्तू आहेत बघा. तरी मिळतात का? मिळतात. पोरांना विचारू द्या दुकानदाराला, पण दुकानदाराशी भांडायला पाठवू नका, ते आपलं मोठ्यांचं काम. पोराचं काम म्हणजे दाराच्या खुंटीवर कापडी पिशवी आहे का ते बघणं आणि बाबा बाजारला निघाले की ती हातात देणं. पिशवी जुन्या चादरीची शिवा, दहा वर्षं फाटत नाही.

वर्गात खत करायचं असेल तर छोटी बादली घ्या, बाजूला आणि तळाला भोकं, ओल्या कचऱ्याच्या दुप्पट वाळका पाला, आठवड्यातनं एकदा ढवळणं. वास यायला लागला म्हणजे ओलं जास्त झालं, पाला वाढवा. शिजवलेलं अन्न, चटणीचं तेल, मटणाची हाडं टाकू नका, मुंग्या-उंदीर येतात आणि मग हेडबाई बादलीच उचलून बाहेर ठेवतात. उन्हाळ्यात आपल्याकडे सगळं पटकन वाळतं म्हणून पाणी शिंपडत राहावं लागतं, अडीच-तीन महिन्यांत खत होतं. डायपर, पॅड, सेल, जुनी औषधं यांना पोरांनी हात लावायचा नाही, ते वेगळं बांधून मोठ्यांनीच द्यायचं, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

आवाज आणि सण

आवाज पटकन कळतो. मिरवणुकीत डीजेसमोर पोरं कानावर हात ठेवतातच, फक्त ते बरोबर करतायत असं त्यांना कुणी सांगत नाही, उलट 'घाबरतो काय' म्हणतात. नियमाप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि शाळा-दवाखान्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं. मोबाइलवर आवाज मोजायचं फुकटचं ॲप मिळतं, अगदी अचूक नसतं पण वर्गातला गोंगाट आणि शांतता यातला फरक आकड्यात दाखवायला चालतं. पोरांना आकडा खाली आणायचा खेळ लई आवडतो, आणि तुम्हालाही दहा मिनिटं शांतता मिळते.

सणांबद्दल उपदेश केलात की घरचे दुखावतात आणि पोर मधल्या मधे अडकतं. त्याऐवजी त्याच सणात एक काम शोधा. गणपतीला शाडूच्या मातीचा छोटा गणपती स्वतः करून बादलीत विसर्जन, ती माती परत कुंडीत. निर्माल्य तलावात न टाकता कलशात. गड्ड्याच्या जत्रेला जाताना घरनं पाण्याची बाटली आणि एक छोटा डबा न्यायचा, खाऊ त्यात घ्यायचा. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर सकाळी जाऊन पाण्यावर काय काय तरंगतंय ते नुसतं मोजायला सांगितलं तरी पुढच्या वेळी हातातलं पाकीट पोर खिशात ठेवतं.

झाड, पक्षी

रोप लावण्याऐवजी आहे ते झाड दत्तक घ्या. शाळेत एखादा कडुनिंब असतोच. त्याचं खोड मिठीत मावतं का, पानं कधी गळतात, खारी किती, हे वर्षभर बघायचं. लावायचंच असेल तर जूनमध्ये लावा, पण आपल्याकडे पाऊस मुळात कमी आणि त्यातला बराचसा सप्टेंबरला पडतो, म्हणून मे महिन्यात पाणी कोण घालणार हे आधी ठरवा. ते ठरत नसेल तर रोप आणूच नका.

सावलीचा फरक दाखवायला सकाळी नऊला झाडाखालच्या आणि उघड्या फरशीवर तळहात टेकवायला सांगा. दुपारी नको, आपल्या उन्हात चटके बसतात.

सहलीला बार्शी रोडवरचं नान्नज घ्या. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं, आज तिथे माळढोक दिसणं दुर्मिळ झालंय, काळवीट मात्र दिसतात. पोरं विचारतात माळढोक कुठं गेला? खरं सांगा: त्याला मोकळा गवताळ माळ लागतो, तो कमी झाला, मादी वर्षाला बहुतेक एकच अंडं घालते, विजेच्या तारा त्याला उडताना दिसत नाहीत. आणि लगेच सांगा की राजस्थानात अजून आहेत, तिथे माणसं त्यांची पिल्लं वाढवतायत. वाईट बातमी एकटी सोडायची नाही, या वयात तरी.

अवघड प्रश्न

हा भाग नव्या शिक्षकांनी नीट वाचा. तुमच्या वर्गात कुणाची आई विडी वळते, कुणाचे बाबा डाईंगला जातात, कुणाची रिक्षा आहे, कुणाचे काका भंगार गोळा करतात. तुम्ही फळ्यावर धुराडं काढून 'हे लोक प्रदूषण करतात' म्हणालात की एक पोर खाली मान घालतं. त्याला शिकवायला आलात आणि त्याच्या भाकरीलाच नाव ठेवलंत. रंगाचं पाणी शुद्ध करून सोडायची जबाबदारी कारखान्याची आणि ती बघायची सरकारची, तिथे राबणाऱ्या माणसाची नाही, हे सहा वर्षांच्या पोरालाही सांगता येतं. भंगारवाले काका तर शहरातलं किती प्लास्टिक परत वापरात आणतात, त्यांना एकदा वर्गात बोलवा, कुठली बाटली किती किलोने जाते ते सांगतील, पोरं तोंड उघडी टाकून ऐकतात.

'मग टीचर तुम्ही स्कूटीवर का येता?' हा प्रश्न येणारच. सारवासारव करू नका. सांगा, लांब आहे, बसची वेळ जमत नाही, स्कूटी धूर सोडते हे खरं, म्हणून जवळच्या कामाला मी चालत जाते. आणि मग खरंच चालत जा, कारण शनिवारी भाजी मंडईत तेच पोर भेटतं आणि आधी पायाकडे बघतं.

'आपण सगळे मरणार का?' असं एखादं पोर मोबाइलवर काहीतरी बघून विचारतं. 'नाही' एवढंच आधी म्हणा, जवळ घ्या, मग काय बघितलंस ते विचारा. बहुतेक वेळा पुराचा नाहीतर वणव्याचा व्हिडिओ असतो आणि त्याला वाटतं ते आपल्याच गावात झालंय.

कधी काय

जूनमध्ये गल्लीतली चक्कर आणि कुंडीत पुरणं, जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याचा ओळीतला खेळ, सप्टेंबरला शाडू, दिवाळीनंतर कुंडी परत उकरणं आणि खताची बादली, जानेवारीत गड्डा, फेब्रुवारीत धुळीची कार्डं, मार्चमध्ये पक्ष्यांसाठी पाण्याचं मातीचं पसरट भांडं. सगळं करायलाच पाहिजे असं नाही, पहिल्या वर्षी दोन गोष्टी नीट झाल्या तरी भरपूर. खर्च म्हणाल तर भिंग आणि व्हॅसलीन सोडलं तर घरातलंच सगळं. पक्ष्यांचं ते भांडं मात्र रोज घासून पाणी बदलायला लावा, नाहीतर आठवड्याभरात डासांच्या अळ्या होतात आणि डेंग्यूच्या तपासणीला आलेल्या ताई पहिली नोटीस तुमच्याच वर्गाला देतील.